मोहोळच्या पुढचा रस्ता

आई गेल्याची बातमी ऐकून मी रडले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

आम्ही तेव्हा नगरच्या पलीकडं एका साखर कारखान्याच्या चाळीत राहत होतो. आमचे हे तिथं इंजिनं दुरुस्त करायचे. माझं माहेर सोलापूरचं, विणकरांच्या गल्लीतलं. वडील लवकर गेले होते. आई दादाजवळ राहायची. दादा गिरणीत कामाला आणि वहिनी घरात. माहेर इतकं लांब पडल्यावर येणंजाणं कसलं? शेवटची गेले होते त्यालाही बरीच वर्षं लोटली होती. आईला लिहिता येत नव्हतं, आणि दादाला पत्र लिहायचा कंटाळा. कुणी त्या बाजूनं आलं तर 'बरी आहे' एवढं कळायचं.

एक दिवस दुपारी माहेरच्या गल्लीतले चाचा दारात येऊन उभे राहिले. ते एका सुताच्या व्यापाऱ्याकडं होते आणि विणकरांच्या गावांतून फिरायचे. लहानपणी मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेला माणूस. त्यांना पाहून मला कोण आनंद झाला! पण त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "बेटी, आई गेली गं तुजी. काल फाटंच्याला."

मी "बरं" म्हणाले. दुसरं काही तोंडातून आलंच नाही. आत जाऊन त्यांच्यासाठी चहा टाकला. चहात साखर घातली, दूध घातलं, गाळून कप त्यांच्या हातात दिला. हे सगळं माझे हात करत होते आणि मी बाजूला उभी राहून बघत होते. चाचा चहा पिता पिता माझ्या तोंडाकडं सारखे टक लावून बघत होते. मला त्याचा राग आला. बाईमाणसाच्या तोंडाकडं असं काय बघायचं? चहा संपवून ते म्हणाले, "जरा कामाला जाऊन येतो. तोपर्यंत तू मन मोकळं कर." आणि गेले.

हे कामावरून आल्यावर मी तेच शब्द सांगितले. ह्यांनी क्षणभर भिंतीला हात टेकला. मग म्हणाले, "रेल्वेच्या भानगडीत पडलो तर दौंडला गाडी बदलण्यात उद्याची दुपार होईल. मी मोटार काढतो. सकाळी तुला सोलापूर दाखवतो."

ती मोटार म्हणजे माझी सवतच. मालकांनी भंगारात काढलेली, टपसुद्धा नसलेली उघडी गाडी ह्यांनी सुट्टीच्या दिवशी बसून बसून उभी केली होती. सगळी चाळ हसायची. एरवी मी भांडले असते, पण त्या दिवशी भांडायलाही सुचेना. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आईचं तोंड काही आता दिसणार नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी राख सावडतात, आणि तो तिसरा दिवस उद्याचा होता. आईच्या अस्थींना माझा हात लागायला हवा होता. दादा माझ्यासाठी थोडा थांबेल, अशी आशा होती. दाराला कुलूप लावलं, शेजारणीला "सोलापूरला जातो" म्हणून सांगितलं आणि आम्ही निघालो. चाचांची आठवणसुद्धा झाली नाही.

सकाळी सोलापूर दाखवणारी ती मोटार सकाळी करमाळ्याच्या धर्मशाळेसमोर उभी होती. टेंभुर्णीच्या अलीकडं चाक बसलं. ते ठीक करण्यात उन्हं वर आली. मोहोळ सोडलं तेव्हा ऊन मी म्हणत होतं आणि मोटारीच्या तोंडातून वाफा निघत होत्या. अंगावर बोटभर धूळ, कमरेचे तुकडे पडलेले, कान इंजिनाच्या आवाजानं बधिर. आम्ही दोघं गिरणीतून पीठ होऊन निघालो आहोत असं वाटत होतं.

ह्यांना माझी काळजी लागली होती ती वेगळीच. न रडलेलं दुःख डोक्यात जातं असं ह्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. त्यामुळं वाटभर मला रडवायचा उद्योग चालला होता. आधी आईच्या हातच्या शेंगाचटणीची आठवण काढली. मी गप्प. मग आमच्या लग्नाची आठवण काढली. मी गप्प. मोहोळच्या पुढं तर आईची निंदा सुरू केली.

"तुझी आई भारी लबाड होती. मुलगी शांत स्वभावाची आहे, असं मला सांगितलं होतं तिनं."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी याचा समाचार घेतला असता. त्या दिवशी मी फक्त म्हणाले, "जरा जोरात चालवा."

जोरात चालवली आणि मोटारीनं ऊतच घेतला. पुढचं नळकांडं खदखदायला लागलं. हे पत्र्याचा डबा घेऊन रानातल्या विहिरीकडं पळाले. मी रस्त्यावर उभी. दूरवर विहिरीच्या काठावर हे दोर सोडत होते, आणि मला दिसत होतं की दादा आता उठला असेल, लोक आता निघाले असतील, आता आईची राख गोळा करत असतील. मला तो उशीर सोसवेना. पाणी येईपर्यंत निदान झाकण तरी उघडून ठेवू, म्हणून मी पुढं गेले आणि रेडिएटरचं झाकण उजव्या हातानं धरून पिळलं.

भस्सदिशी वाफ उसळली. मी हात मागं घेतला, तोही सावकाश. तळहाताकडं बघितलं. कातडं पांढरं पडलं होतं आणि कडेनं लाल होत होतं. दुसऱ्याच कुणाचा हात बघावा तसा मी तो बघितला.

हे डबा घेऊन, पाणी सांडत धावत आले. "अगं हात! हात बघ!" असं ओरडून त्यांनी डब्यात उरलेलं पाणी माझ्या हातावर ओतलं आणि आपलं उपरणं फाडून हाताला गुंडाळलं.

"आग होते का?"

"नाही. चला."

"अगं, एवढा भाजला आणि आग होत नाही?"

"नाही म्हटलं ना. पाणी आणा पुन्हा. सांडलंत सगळं."

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मलाच माझी भीती वाटली. भिण्यासारखंच होतं ते. मी खोटं बोलत नव्हते. मला खरोखर काही होत नव्हतं. चाचा दारात बोलले त्या क्षणी माझ्या आतलं काहीतरी जागच्या जागी थांबलं होतं, आणि ते पुन्हा सुरू कसं करायचं हे मला ठाऊक नव्हतं. मी मनात आईचा चेहरा आणायला जायची आणि चाचांची टोपी दिसायची. स्वतःचा इतका संताप मला आयुष्यात कधी आला नाही. कसली मुलगी मी? कुणाची म्हैस मेली तरी बायका धाय मोकलतात, आणि माझी आई मेली तर मी मोटारीत पाणी किती उरलंय ते बघत होते.

त्यानंतर ह्यांनी बोलणंच सोडलं. सीनेच्या पात्रात मोटार वाळूत रुतली. एक गाडीवान आपली बैलं थांबवून मदतीला आला. ह्यांनी आणि त्यानं मिळून चाकाखाली कडबा घातला, ढकलाढकली केली. मोटार निघाल्यावर त्यानं ह्यांना विचारलं, "कुटं निगालाव एवड्या घाईनं?"

"सोलापूरला. हिची आई वारली."

तो माझ्याकडं वळून बघत राहिला. मग म्हणाला, "बाई काय रडंना गा?" ह्यांनी त्याला हात जोडले आणि मोटार पुढं काढली.

बाळ्याच्या खंडोबाचं देऊळ मागं गेलं, गिरण्यांची धुराडी दिसायला लागली. एरवी ती धुराडी दिसली की माझा जीव सुपाएवढा व्हायचा. हे घराच्या रस्त्याला वळायला लागले तशी मी म्हणाले, "घरी नको. आधी मसणात चला." ह्यांनी न विचारता मोटार तिकडं वळवली.

तिथं कुणी नव्हतं. दुपारच्या उन्हात नुसता धुरकट वास आणि लाकडाच्या ढिगाला टेकून बसलेला एक म्हातारा राखणदार. मी एकेक जागा बघत फिरले. एका ठिकाणी थोडी राख होती. मी तिथं खाली बसणार तेवढ्यात म्हातारा ओरडला, "ओ बाई, त्यो म्हातारा मानूस हाय. तुमचं कोन?"

"माझी आई. परवा आणली असेल."

"परवा बाईमानूस न्हाय आलं हितं."

"न्हाय कसं? नीट आठवा."

"मढी इसरतोय व्हय मी? ह्या हप्त्यात बाईमानूस आलंच न्हाय की."

मी त्या गरीब माणसाला काय काय बोलले, ते आता लिहायची लाज वाटते. मी विचारलं, माझ्या आईला जाळलं कुठं मग? उकिरड्यावर? तो शांतपणे म्हणाला, "बाई, गावात आनी पन मसनवटं हायती. घरी जाऊन इचारा." ह्यांनी मला दंडाला धरून मोटारीत बसवलं. तिथून गल्लीपर्यंतचा रस्ता मला आजही आठवत नाही.

गल्लीत शिरताना दोन्हीकडून मागांचा खटखटाट चालू होता. तेलुगू बोलणाऱ्या शेजारणी ओट्यावर रहाटावर सूत भरत बसल्या होत्या. मोटार बघून त्या उठल्या. आमच्या दारात माणसांची गर्दी नव्हती. दारात एकच बाई बसली होती. मांडीवर सूप घेऊन ती ज्वारी पाखडत होती. ती माझी आई होती.

मला वाटलं, ऊन लागलं. मी डोळे मिटले, उघडले. सूप हलतच होतं. दाणे वर उडत होते आणि खाली पडत होते. हे मोटारीतच उभे राहिले आणि ह्यांच्या तोंडून "अरे देवा" एवढंच निघालं. मी खाली उतरले पण पाय पुढं पडेना. जिवंत आई समोर बसलेली, आणि मी तिला भ्याले. मेलेल्या माणसाला भितात तशीच भ्याले. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

आईनं वर बघितलं. धावत येणं नाही, मिठी नाही. "आलीस?" म्हणाली, आणि पुन्हा पाखडायला लागली.

वहिनी आतून आली आणि तिनं पदर तोंडाला लावून हसतच सगळं सांगितलं. आई अंगणात वाळवण घालत असताना तिच्या डोक्याला कावळा शिवला होता.

बस्स, तेवढंच. आमच्याकडं कावळा डोक्याला शिवला की त्या माणसाचं मरण जवळ आलं असं धरतात. मग लांब राहणाऱ्या कुणा जवळच्या माणसाला तो मेल्याची खोटी बातमी धाडायची. ऐकणाऱ्यानं रडायचं. डोळ्यातून पाणी पडलं की आलेलं मरण फिटलं. मग लगेच 'खोटं हाय' म्हणून सांगायचं आणि हातावर साखर ठेवायची. पाणी पडायच्या आधी खरं सांगितलं तर उपयोग नाही. चाचा नगरकडं निघालेच होते, म्हणून त्यांच्याजवळ निरोप दिला होता आणि साखरेची पुडीही. बिचारे चहा पिता पिता माझ्या डोळ्यांत पाणी येण्याची वाट बघत बसले होते! मी रडेना, तेव्हा माणसादेखत रडायला लाजते असं समजून बाहेर गेले. परत आले तर दाराला कुलूप, आणि शेजारणीकडून कळलं की आम्ही सोलापूरला निघालो. मग रात्रीची रेल्वे धरून ते सकाळीच सोलापुरात हजर. आमच्या मोटारीच्या आधी.

ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. लहानपणी एका मावशीसाठी मी स्वतः अशी रडले होते आणि साखर खाल्ली होती. पण एवढ्या रस्त्यात एकदाही ते माझ्या मनात आलं नाही. कसं येईल? चाचा खोटं बोलतील हे मनात यायला जागाच नव्हती.

माझं डोकं फिरलं. "जित्या माणसाची मयत सांगता? लाज नाही वाटली कुणाला? कावळ्यासाठी माझा जीव घेतलात!" मी भर गल्लीत ओरडत होते. मागांचा खटखटाट थांबला होता.

आईनं सूप खाली ठेवलं. "तुजा जीव कुनी घेतला?" ती म्हणाली. "चाचा सकाळी सांगून गेले की. टिपूस न्हाय काडलंस तू डोळ्यातनं. चहा केलास म्हनं."

वहिनी बाजूनं म्हणाली, "रडल्या न्हाईत, पन निगाल्या मातर लगबगीनं." तिनं ते हसत म्हटलं, पण त्याचा रोख मला कळला. आईलाही तो सकाळीच कळवून झाला होता हे आईच्या तोंडावरूनच दिसलं. ती उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाटल्या होत्या. वडील गेल्यावर हातातून काढून तिनं त्या पेटीत ठेवल्या होत्या.

"घे," ती म्हणाली. "ह्याच्यासाटीच आलीस न्हवं? घे, मग तुला येरझारा नको."

आई जिवंत दिसली तेव्हा जेवढा धक्का बसला नव्हता, तेवढा ह्या वाक्यानं बसला. माझी आई मला हे बोलते? मी हात पुढं केला नाही. तिनंच माझा उजवा हात ओढला आणि त्या पाटल्या तळहातावर दाबून बोटं मिटवली.

आणि मी किंचाळले. मोहोळपासून जी आग मला लागत नव्हती ती सगळी एकदम लागली. फोड फुटून उपरण्याच्या चिंधीतून पाणी आलं. पाटल्या खाली पडल्या. मी तिथंच मातीत बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. हातासाठी रडत होते की कशासाठी, देव जाणे. रडणं थांबवताही येईना.

"रडल्या! रडल्या बाई!" वहिनीनं टाळी वाजवली. "टळलं, आत्याबाई, टळलं!"

"गप बस," आई म्हणाली. ती माझ्यासमोर बसली होती आणि हाताची चिंधी सोडवत होती. तळहात दिसला तसा तिचा चेहरा पांढराफटक पडला. "हे काय गं? हे कशानं?"

हे पुढं आले. आमच्यात जावई सासूशी समोरासमोर बोलत नाही, आणि हे तर आईपुढं मान वर करत नसत. त्या दिवशी हे तिच्याजवळ उकिडवे बसले आणि सरळ तिच्याकडं बघून बोलले.

"मामी, हिला काही बोलू नका. ह्या हातानं हिनं उकळतं झाकण उघडलं आणि हिला कळलंसुद्धा नाही. कालपासून पोटात घास नाही. एकच म्हणायची, चला, जोरात चला. मी वाटेत घाबरलो होतो. मला वाटलं, तुमच्यामागं हीसुद्धा जाते."

आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली. उठून परसातून कोरफड तोडून आणली, चिरली, तिचा गर माझ्या हातावर लावायला लागली. तिची बोटं तीच होती, खरखरीत, सूत भरून भरून कातडी कडक झालेली. ती हाताला लागत होती तशी ती जिवंत आहे हे हळूहळू माझ्या ध्यानात यायला लागलं. वहिनी म्हणत होती, रडू द्या, जेवढं रडतील तेवढं चांगलं. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं. "पुरं आता," म्हणाली. "हाय की मी."

माझा राग अजून गेला नव्हता. हुंदके देत देतच मी म्हणाले, "एका कावळ्याला एवढी भ्यालीस होय गं?"

"कावळ्याचं काय मेलं! ह्या वयात मरनाला कोन भितंय?"

"मग चाचांना धाडलंस कशाला?"

ती बराच वेळ माझ्या हातावर फुंकर घालत राहिली. वहिनी आत गेल्यावर हळूच म्हणाली, "तू माज्यासाटी किती रडतीस ते ऐकायचं हुतं गं. खरी मेल्यावर मला कोन सांगनार?"